झाडतोडीचे कटर : यंत्र स्वस्त, धार महाग

आम्ही कापडाचे व्यापारी. झाडे तोडण्याच्या यंत्राशी आमचा काय संबंध, असे या पानाचे नेहमीचे वाचक विचारतील. संबंध पैशाचा आहे आणि थोडा आमच्या चुकीचाही आहे. ती चूक इतर कारागीर बांधवांनी करू नये, एवढ्यासाठी हा लेख.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचा महापूर ओसरला, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या बहिणीचा मुलगा इचलकरंजीत खर्चीवर सहा माग चालवीत होता. खर्चीवाला म्हणजे काय ते आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. विजेचे बिल, कामगाराची मजुरी आणि मागाची दुरुस्ती तेवढी आपली. मजुरीच्या दरात भागेना म्हणून त्याने माग विकले, तीन सोबती घेतले आणि झाडतोडीचे काम धरले. पुराने पडलेली झाडे, बिल्डरचे प्लॉट, शेताच्या बांधावरची नीलगिरी, असे काम बरेच होते. यंत्रासाठी तो आमच्याकडे उसने पैसे मागायला आला. "मामू, कंपनीचे चांगले मशीन घेतो. पन्नास-साठ हजारांपर्यंत जाईल," असे त्याचे म्हणणे होते. आम्ही हिशेब करून त्याला सांगितले, की अगदी तसेच दिसणारे मशीन सात हजारांत मिळते. आधी ते घे, धंदा चालला तर मोठे घेऊ.

कापडात आम्ही असे कधीच केले नसते. पहिल्या धुण्यात रंग सोडणारा माल स्वस्त मिळतो म्हणून आम्ही दुकानात ठेवीत नाही. पण दुसऱ्याच्या धंद्यात माणूस फार लवकर किफायतशीर सल्ला देतो.

या यंत्राचे नाव चेन सॉ. आपल्याकडे त्याला नुसते 'कटर' म्हणतात. दोन स्ट्रोकचे छोटे पेट्रोल इंजिन, पुढे लांब पोलादी पट्टी, तिला 'बार' म्हणतात, आणि त्या बारच्या कडेने फिरणारी दातांची साखळी. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत बनवली, ती दोन माणसांनी धरायची होती. मात्र आजच्या साखळीचा दात ही अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याची देणगी. दुसरे महायुद्ध संपल्यावर ऑरेगॉनच्या जंगलात काम करताना त्याने लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या जबड्याने डावीकडे एक घास आणि उजवीकडे एक घास घेत ओल्या लाकडातून आरपार जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी तयार केली आणि १९४७ साली ती बाजारात आणली. आज दुकानात जी साखळी मिळते ती थोड्याफार फरकाने तीच आहे. हे सांगण्याचे कारण असे, की इंजिन कितीही जोरदार असो, लाकूड कापतो तो दात. ही गोष्ट आमच्या भाच्याला आणि आम्हाला समजायला एक वर्ष लागले.

आमच्या सात हजारांच्या मशीनवर '५८ सीसी' असे मोठ्या अक्षरात लिहिलेले होते आणि बार बावीस इंची होता. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात ओढून सुरू करायची दोरी आणि तिची स्प्रिंग गेली. मग साखळीला तेल देणारा छोटा पंप बंद पडला. ते न कळल्यामुळे बार तापून निळा पडला. ज्याने मशीन विकले तो विक्रेता सुटे भाग ठेवीत नव्हता. दुसऱ्या दुकानातला भाग तसाच दिसे, पण बसत नसे. उद्यमनगरातले मिस्त्री काय वाटेल ते बनवू शकतात असा आम्हा कोल्हापूरकरांचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. ऑइल इंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत सगळे या गावाने ओतले आणि कातले. पण तिथल्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी मशीन उघडून हात जोडले. या इंजिनाचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत कडक धातूचा पातळ मुलामा. तो एकदा ओरखडला की मोटारीच्या किंवा शेतीच्या इंजिनासारखे बोअर करून काम भागत नाही. सिलिंडर आणि पिस्टन जोडीने बदलावे लागतात. नवी जोडी मिळाली तर मशीन जगले, नाही तर भंगार.

म्हणून पहिला सल्ला : मशीन बघण्याआधी दुकान बघा. तिथे कार्ब्युरेटरचा पडदा, क्लच, तेलाचा पंप, साखळी ज्या दातेरी चकतीवर फिरते ती चकती, एअर फिल्टर, एवढ्या वस्तू आज शेल्फवर आहेत का, हे विचारा. "मागवून देतो" हे उत्तर ऐकले की नमस्कार करून बाहेर पडा. माग चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. माग कितीला घेतला यापेक्षा महिन्यात किती दिवस बंद राहिला यावर घर चालते. इथेही तसेच. पावसाळ्याच्या तोंडी कामाचे वीस-पंचवीस दिवस असतात. त्यात मशीन चार दिवस मिस्त्रीकडे पडून राहिले तर मजुरांची मजुरी खिशातून, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

मशीन केवढे घ्यावे, याबद्दल मोठा गैरसमज आहे. लांब बार म्हणजे मर्दाचे काम, असे पोरांना वाटते. फांद्या छाटायला ३५ ते ४० सीसीचे मशीन आणि १४ ते १६ इंची बार पुरतो. नीलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर पाडायला ५० ते ६० सीसी आणि १८ ते २० इंची. जुन्या वडाचा किंवा चिंचेचा बुंधा चिरायचा असेल तरच ७० सीसीच्या वर जावे. बारपेक्षा जाड बुंधासुद्धा दोन्ही बाजूंनी कापता येतो, फक्त ती रीत शिकून घ्यावी लागते. लांब बार लहान इंजिनाला लावला तर इंजिन दमते, आणि ते जड धूड दिवसभर पेलून माणूसही दमतो. दमलेल्या माणसाच्या हातात हे यंत्र धोक्याचे. एकच मोठे घेण्यापेक्षा एक मध्यम आणि एक लहान घ्यावे. एक बंद पडले तर दुसऱ्यावर दिवस निघतो. बॅटरीवरची मशीनही आता मिळतात. धूर नाही, आवाज कमी. वसाहतीत, दवाखान्याच्या आवारात छाटणीला ती ठीक आहेत. रानात दिवसभर झाडे पाडायची तर जास्तीच्या बॅटऱ्या बाळगाव्या लागतात.

पेट्रोल आणि तेल

दोन स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑइल नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच त्याचे वंगण. कंपनीचे खास ऑइल असेल तर बहुतेक यंत्रांना पन्नासास एक, म्हणजे एका लिटरला २० मिली. साधे ऑइल असेल तर काही कंपन्या पंचवीसास एक, म्हणजे ४० मिली सांगतात. मशीनच्या पुस्तकात लिहिलेले प्रमाण हेच खरे. आमच्या भाच्याचा एक सोबती बाटलीच्या झाकणाने अंदाजे ऑइल टाकी. अंदाजाने कापड मोजणाऱ्याचे जे होते तेच इंजिनाचे झाले. घाईत कुणी नुसते पेट्रोल भरले तर इंजिन काही मिनिटांत जाम होते.

आता पेट्रोलमध्ये आणखी एक गोष्ट आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच साखर कारखान्यांचा माल, त्यामुळे कोल्हापुरात राहून त्याची तक्रार कशी करावी! पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि मिश्रण बरेच दिवस पडून राहिले तर तळाशी पाण्याचा थर बसतो. रबराच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचा पडदा त्याने फुगतो किंवा कडक होतो. अनेक यंत्रांच्या पुस्तकांत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे छापलेले असते, तेव्हा घेताना हे विचारून घ्यावे. उपाय साधा आहे. लागेल तेवढेच मिश्रण रोज बनवावे. आठ दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवून ठेवून द्यावे.

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिच्यात गॅरेजमधले जळके ऑइल टाकण्याची पद्धत सर्रास आहे. ते फुकट मिळते म्हणून. पण त्यात धातूची बारीक पूड असते, ती पंप आणि बारची खाच खाते, आणि ते काळे तेल दिवसभर कामगाराच्या हातापायांवर उडते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत. तेल साखळीला पोहोचते की नाही हे बघायला बारचे टोक कोऱ्या कागदापासून वीतभर दूर धरून मशीन जरा जोरात चालवावे. कागदावर तेलाची रेघ उमटली तर पंप ठीक.

धार

भुसा बघा. साखळीला धार असेल तर जाड कपच्या उडतात. पिठासारखी पूड पडू लागली, मशीनवर जोर द्यावा लागू लागला, किंवा कापताना बार एका बाजूला वळू लागला, की धार गेली. शिंप्याची कैची कागदावर चालवली तर शिंपी जसा खवळतो, तसा चांगला कटरवाला साखळी मातीला लागली तर खवळतो. मातीला एक क्षण स्पर्श झाला तरी सगळे दात बोथट होतात. शहरातल्या झाडांचा दुसरा शत्रू म्हणजे खिळे. वर्षानुवर्षे पाट्या आणि फलक ठोकलेले असतात, साल त्यांच्यावरून वाढलेली असते, वरून काही दिसत नाही. रस्त्याकडेचे झाड कापताना माणसाच्या उंचीचा भाग सोडून वर किंवा खाली कापावे, असे जुने लोक सांगतात.

धार लावायला गोल कानस लागते, आणि ती साखळीच्या मापाचीच लागते. .३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची, लहान मशीनच्या तीन-अष्टमांश लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटरची. मोठ्या साखळीला कुठली ते पाकिटावर लिहिलेले असते. कानस आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची. कोन साधारण तीस अंशांचा. एका बाजूचे सगळे दात संपवून मग दुसरी बाजू. सगळ्यात आखूड झालेला दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे, नाही तर मशीन वाकडे कापते. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दाताने किती खोल घास घ्यायचा ते तो ठरवतो. दात घासून खाली येतात तसा तो चपट्या कानशीने उतरवावा लागतो, बहुतेक साखळ्यांना दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. त्यासाठी पत्र्याचे छोटे माप मिळते. पोरे हे माप वापरीत नाहीत. उंचवटा जास्त उतरवला की साखळी लाकडात अडकून मशीन हिसके देते, आणि तिथून अपघात सुरू होतात.

बाकीची देखभाल झटपट सांगतो. साखळी बदलताना बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. बारची खाच आणि तेलाचे भोक रोज साफ करावे. एअर फिल्टर रोज झटकावा. साखळी थंड असताना बारला चिकटून बसावी, पण हाताने फिरावी. तापल्यावर आवळली असेल तर काम संपल्यावर सैल करावी, कारण थंड होताना ती आकसते. दोन-तीन साखळ्या झिजल्या की दातेरी चकती बदलावी. जुन्या चकतीवर नवी साखळी चढवली तर ती लवकर खराब होते.

आता तो दिवस. २०२२ चा मे महिना, वळवाच्या पावसाने एका वसाहतीत पडलेला गुलमोहर कापायचे काम होते. आमच्या त्याच मशीनच्या क्लचची स्प्रिंग सैल पडली होती. चांगल्या मशीनची साखळी हात सोडल्यावर, इंजिन संथ चालू असताना, जागच्या जागी थांबली पाहिजे. आमची हळूहळू फिरत राही. सगळ्यांना ते माहीत होते, सवय झाली होती. मदतनीस मुलाने एक फांदी कापली, मशीन मांडीजवळ खाली आणले, तेवढ्यात त्याचा पाय ओल्या फांदीवरून सरकला आणि बोट परत चापावर दाबले गेले. अंगात साधी सुती पँट होती. गुडघ्याच्या वर जखम झाली ती हाडापर्यंत. पाय वाचला. चार महिने तो घरी बसला. मशीन सात हजारांचे होते. दवाखान्याचा आणि त्याच्या घराचा खर्च मिळून जे झाले, त्यात भाच्याने आधी सांगितलेली दोन मशीन आली असती. तो खर्च आम्ही दिला, कारण सल्ला आमचा होता.

त्यानंतर आम्ही आमच्या धंद्याच्या नजरेने एक गोष्ट शोधली, आणि ती सापडल्यावर थक्क झालो. ही साखळी पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. म्हणजे दुकानातला वीस मीटरचा ताका एका सेकंदात संपावा! एवढ्या वेगाच्या पोलादाला कापड अडवते. झाडतोडीसाठी खास पायरक्षक आणि पँट मिळतात, त्यांच्या बाहेरच्या कापडाखाली लांब, सैल, मजबूत कृत्रिम धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी बाहेरचे कापड फाडून आत शिरली की दात ते धागे कापण्याऐवजी ओढून काढतात. धागे झुपकेच्या झुपके होऊन दातेरी चकतीत गुंडाळले जातात आणि साखळी जाम होते, क्षणाच्या आत. मागावर सूत गुंतले की माग थांबतो, हे आमच्या भाच्याने हजारदा शिव्या देत पाहिले होते. इथे तोच गुंता माणसाचा पाय वाचवतो.

हे बघून आमच्या डोक्यात पहिला विचार आला तो व्यापाऱ्याचाच, की हे इथे शिवून का विकू नये. तो आम्ही लगेच सोडला. या कपड्यांची प्रयोगशाळेत चालत्या साखळीवर परीक्षा होते. वर्ग एक म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग दोन म्हणजे २४ मीटर. धाग्याची जात, थरांची संख्या, ते किती सैल शिवले, सगळे ठरलेले असते. जाड जीनच्या दोन थरांत फोम घालून शिवलेले पायरक्षक स्वस्तात विकले जाते ते आम्ही हाताळून पाहिले आहे. ते गवतकापणीत उडणाऱ्या खड्यांना पुरेल, साखळीला नाही. लेबल वाचा, वर्ग छापलेला नसेल तर घेऊ नका. एकदा साखळी लागली की ते पायरक्षक बाद, वरून रफू करून चालत नाही. धुताना ब्लीच नको, इस्त्री नको, आतले धागे बसतात. आणि विजेच्या मशीनची मोटर धाग्यांनी तितकी सहज थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात ते घालून उकडते, पोरे कुरकुर करतात. भाच्याने आता नियम केला आहे, पायरक्षक नाही तर त्या दिवशी मशीन हातात नाही, रोज मात्र अर्धा.

हेल्मेट, डोळ्यांना जाळी, कानाला बंद, पायात बूट, हे तर हवेच. कोल्हापुरी चप्पल लग्नात शोभते. बारच्या टोकाच्या वरच्या भागाने कधी कापू नये, तिथे लाकूड लागले की मशीन उसळून तोंडाकडे येते. त्यासाठीच पुढे चेन ब्रेकचा दांडा असतो, आणि तो चालतो की नाही हे रोज सकाळी तपासायचे. शिडीवर उभे राहून, एका हाताने, खांद्याच्या वर मशीन धरून कापायचे नाही. तार जवळून जात असेल तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याशिवाय दोरीही टाकायची नाही.

दोरीबद्दल पुन्हा कापडवाल्याचे दोन शब्द. नायलॉन ताणला जातो, पॉलिएस्टर कमी ताणला जातो, आणि पॉलिप्रॉपिलिनची रंगीत स्वस्त दोरी उन्हात सडते. फांदी उतरवायला आणि माणूस चढायला एकच दोरी वापरू नये. ट्रकच्या ताडपत्रीची सोडलेली दोरी तर दोन्हीला नको. मोठे ओंडके उचलायला भाड्याचा हायड्रा परवडतो, स्वतःचा घेण्याच्या भानगडीत लहान माणसाने पडू नये.

कागदाचे राहिले. शहरात १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, फांद्या छाटायलाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष ठरली आहेत. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा अशी झाडे त्याच्या यादीत आहेत, मग ती स्वतःच्या शेतात का असेनात. मालक म्हणतो, "झाड माझे आहे, तुम्ही कापा." कापणारा पकडला जातो तेव्हा मशीन आणि गाडी आपली अडकते. परवानगीची झेरॉक्स आधी हातात घ्यावी, मग दोरी ओढावी.

भाच्याकडे आज नामांकित कंपनीची दोन मशीन आहेत, एक मध्यम, एक लहान. त्या मुलाला आता झाडावर चढवत नाहीत. तो टिंबर मार्केटच्या बाजूला एका खोक्यात बसून साखळ्यांना धार लावतो, भाच्याच्या आणि इतर चार टोळ्यांच्याही. प्रत्येक दात मापाने तपासतो, उंचवट्याला पत्र्याचे माप लावल्याशिवाय साखळी परत देत नाही, त्यामुळे वेळ लागतो. शुक्रवारी खोके बंद असते, म्हणून ज्यांना शनिवारी काम आहे त्यांच्या साखळ्या गुरुवारी दुपारीच येऊन पडलेल्या असतात.